शेतमालावरची ड्यूटी आणि तिची चावी

प्रश्न असा आला आहे: "मी मूळचा लातूर जिल्ह्यातला, नोकरीसाठी ठाण्यात राहतो. वडील सात एकरांत सोयाबीन करतात. अमेरिकेशी व्यापार कराराची बोलणी शेतमालावर येऊन अडतात, असं सतत ऐकतो. त्यात एवढं अडण्यासारखं काय आहे? ड्यूटी उतरली तर मुंबईत खाणाऱ्याला स्वस्त मिळेल ना? मग विरोध नुसता राजकारणाचा का? आणि आमच्या सोयाबीनवर नेमकं काय येणार?"

आधी माझी बाजू सांगून ठेवतो. मी एकतीस वर्षं कस्टम क्लिअरन्सचं काम केलं. सुरुवातीला बॅलार्ड इस्टेटच्या न्यू कस्टम हाऊसमध्ये कागदी बिल ऑफ एंट्री (आयात मालासाठी कस्टमला भरायचा अर्ज) घेऊन टेबलाटेबलावर फिरायचो, नंतर सगळा मुक्काम न्हावाशेव्याच्या बंदरात. माल बहुतेक खाण्याचा: मशीद बंदरच्या व्यापाऱ्यांचा सुका मेवा, दाणा बंदरच्या डाळी, खाद्यतेल, मधली काही वर्षं सफरचंद. आयातदारांच्या वतीने दिल्लीला मंत्रालयाच्या बैठकांनाही जाऊन बसलो आहे. म्हणजे माझं पोट आयातीवर चाललं, हे धरूनच पुढचं वाचा.

ड्यूटी, म्हणजे आयात शुल्क, किती आहे, हे सगळे विचारतात. ती उद्या वाढवता येईल का, हे कोणी विचारत नाही, आणि वाटाघाटीतलं खरं भांडण त्यावर असतं. चाळीत वाढलेल्या माणसाला हे चटकन कळेल. गल्लीच्या तोंडाशी पालिकेचा चावीवाला येतो, लांब दांड्याने व्हॉल्व्ह फिरवतो आणि आपल्या नळाला पाणी येतं. पाणी आज किती आलं, यापेक्षा चावी कोणाच्या हातात आहे यावर चाळीचं राजकारण चालतं. शेतमालाच्या ड्यूटीचं तसंच आहे.

जागतिक व्यापार संघटना १ जानेवारी १९९५ ला सुरू झाली, तेव्हा प्रत्येक देशाने एकेका वस्तूवर 'याच्या वर जाणार नाही' असा दर लिहून दिला. त्याला बांधील दर म्हणतात. प्रत्यक्ष घेतला जातो तो लागू दर. भारताने साधारणपणे कच्च्या शेतमालावर १०० टक्के, प्रक्रिया केलेल्यावर १५० आणि बहुतेक खाद्यतेलांवर ३०० टक्के लिहून दिले. शेतमालाची सरासरी काढली तर बांधील दर ११३ टक्क्यांच्या आसपास येतो आणि लागू दर २०२३ मध्ये ३९ च्या आसपास होता. मधली जी मोकळी जागा आहे, तीच चावी. भाव पडला की सरकार एका अधिसूचनेने ड्यूटी चढवतं, महागाई ओरडायला लागली की उतरवतं, आणि जिनिव्हात, संघटनेच्या मुख्यालयात, कोणाला उत्तर द्यावं लागत नाही.

खाद्यतेलाचंच पाहा. कच्च्या पामतेलावर सगळं मिळून साडेपाच टक्के लागत होते. १४ सप्टेंबर २०२४ पासून ते एकदम साडेसत्तावीस झाले, कारण सोयाबीनचा हंगाम तोंडावर होता आणि महाराष्ट्रात निवडणुकाही. ३१ मे २०२५ पासून पुन्हा साडेसोळा. नऊ महिन्यांत वर आणि खाली, तरी ३०० च्या मर्यादेत असल्याने सगळं नियमात. यात एक गंमत तुम्हाला लागू पडणारी आहे. सोयाबीन तेल त्या ३०० मध्ये नाही. त्याचा बांधील दर ४५ टक्केच आहे. पाम, सूर्यफूल आणि सोया एकमेकांची जागा घेतात, त्यामुळे पामवर आकाशाएवढी मोकळीक असली तरी सोयाची ४५ ची कमाल सगळ्यांना खाली ओढते.

आता अमेरिकेशी किंवा कोणाशीही करार करताना काय होतं? त्या देशापुरता दर खाली येतो आणि तिथेच बांधला जातो. नुसता कमी होत नाही, त्या देशापुरती चावी काढून दिली जाते. दिल्लीतल्या बैठकांत अधिकाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडताना मी पाहिल्या आहेत, त्या या कारणाने. कपात त्यांना झेपत होती. मागे घेता न येणारी कपात झेपत नव्हती.

ज्यांना हे अतिशयोक्त वाटतं त्यांनी जुलै २००८ आठवावा. दोहा फेरी, म्हणजे या संघटनेतल्या वाटाघाटींची फेरी, २००१ पासून चालू होती. २१ जुलैला जिनिव्हात मंत्री जमले. आपल्याकडून कमलनाथ, अमेरिकेकडून सुझन श्वाब, संघटनेचे महासंचालक पास्कल लामी. नऊ दिवस बसले. औद्योगिक माल, अनुदानं, बऱ्याच गोष्टींवर जवळ आले होते. २९ तारखेला सगळं कोसळलं ते 'विशेष संरक्षण उपाय' या कलमावर. कलम असं होतं की एखाद्या शेतमालाची आयात अचानक वाढली, तर गरीब देशाला बांधील दराच्याही वर तात्पुरती ड्यूटी लावता यावी. वाढ किती झाली की? मांडलेल्या मसुद्यात आयात नेहमीच्या १४० टक्क्यांपर्यंत गेल्यावर. भारत आणि सोबतचे देश म्हणत होते, ११० टक्क्यांवरच मुभा हवी. चाळीस टक्के जादा माल बंदरात उतरेपर्यंत थांबायचं तर तोवर शेतकरी संपलेला असतो, हा आपला मुद्दा. अमेरिकेचा मुद्दा असा की लोकसंख्या वाढते तशी आयात दरवर्षी दहा टक्के सहज वाढते, मग हे कलम कायमचंच लागू राहील. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं, हे मी आयातदारांच्या बाजूने बसून सांगतो. पण बघा, सात वर्षांची फेरी ज्यावर फुटली तो वाद ड्यूटी किती, हा नव्हता. ती वर नेण्याचा हक्क कधी वापरायचा, हा होता.

त्याच्या आधीचा एक धडा आपल्या लोकांच्या अंगात मुरलेला आहे. पूर्वी आपण बऱ्याच मालाची आयात परवान्याशिवाय होऊच देत नव्हतो. अमेरिकेने १९९७ मध्ये त्याविरुद्ध तक्रार केली, आपण हरलो, आणि एप्रिल २००० मध्ये ७१४, एप्रिल २००१ मध्ये ७१५ वस्तू खुल्या कराव्या लागल्या. परवान्याची भिंत गेली. मागे उरली फक्त ड्यूटी. म्हणून तिच्याबद्दल इतकं हळवेपण.

'शेतमाल' असा एकच ढीग करून बोलणं ही वर्तमानपत्रांची सोय आहे. टेबलावर आठ आकडी कोडनुसार एकेक ओळ लढवली जाते, आणि प्रत्येक ओळीचं वजन वेगळं.

बदाम सोपा. आपल्याकडे पिकतो नावापुरता, आणि मशीद बंदरच्या गाळ्यांत जो दिसतो त्यातला मोठा भाग कॅलिफोर्नियाचा. २०१९ मध्ये अमेरिकेने आपल्या निर्यातीला मिळणारी जीएसपीची (विकसनशील देशांच्या मालाला कमी किंवा शून्य ड्यूटीची) सवलत ५ जूनपासून काढली, आपण १६ जूनपासून त्यांच्या २८ वस्तूंवर जादा ड्यूटी लावली. बदामगरावरची ड्यूटी किलोला १०० रुपयांवरून १२० झाली. शेतकऱ्याला त्याचा ना फायदा ना तोटा. दिवाळीच्या पुड्यात चार दाणे कमी पडले, एवढंच. असल्या ओळी देवाणघेवाणीत द्यायला ठेवलेल्या असतात.

सफरचंद मधलं. त्याच भांडणात अमेरिकन सफरचंदावर ५० चे ७० टक्के झाले. मी तेव्हा वाशीच्या फळबाजारातल्या दोन आयातदारांचं काम बघत होतो. वॉशिंग्टनचं लालबुंद फळ हळूहळू दिसेनासं झालं आणि त्याच्या जागी तुर्कस्तानचं, इराणचं, इटलीचं आलं. हिमाचलच्या बागायतदाराला वाटलं होतं आपल्याला मोकळं रान मिळेल. ते मिळालं तुर्कस्तानला. २०२३ च्या जूनमध्ये दोन्ही सरकारांत समझोता झाला आणि सप्टेंबरात ती जादा ड्यूटी गेली. त्याआधी मे महिन्यात सरकारने किलोला ५० रुपयांपेक्षा स्वस्त पडणाऱ्या सफरचंदाची आयातच बंद केली होती, फक्त भूतानला सूट. म्हणजे एका हाताने दिलं, दुसऱ्याने दाराला आडणा लावला. बागायतदारांचं समाधान यानेच जास्त झालं असावं.

दूध आणि मका मात्र अवघड. दूध पावडरवर ६० टक्के ड्यूटी आहे, पण खरं कुलूप दाखल्याचं आहे: ज्या जनावराचं दूध, त्याला दुसऱ्या जनावराच्या मांसा-रक्तापासून केलेलं खाद्य दिलेलं नसावं. अमेरिकेला ही अट अशास्त्रीय वाटते, आपल्याकडे ती श्रद्धेची आहे, आणि सोयीचीही आहे हे मी दबक्या आवाजात म्हणतो. कोल्हापूर-सांगलीकडच्या कोणालाही विचारा, पावडरचा भाव पडला की दूध संघ पहिला वार दुधाच्या खरेदी दरावर करतो. बाहेरची पावडर मुंबईच्या मिठाई-आइस्क्रीमवाल्यांकडे आली तर आठवड्याभरात त्याचा धक्का गोठ्यात पोचेल. ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये आपण आरसेप या आशिया-पॅसिफिक देशांच्या मोठ्या व्यापार करारातून उठून आलो, त्यात न्यूझीलंडच्या दुधाची भीती मोठी होती. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारातही दूध बाहेरच ठेवलं.

कोंबडीची तंगडी हा माझा आवडता विषय, पण थोडक्यात उरकतो. अमेरिकन माणसाला छातीचं मांस हवं असतं, तंगड्या उरतात. उरलेला माल कितीही स्वस्त विकायला ते तयार असतात. आपण तुकड्यांवर १०० टक्के ड्यूटी ठेवली आहे. आपल्याकडे तंगडी आवडीने खातात, म्हणून त्यांची नजर इथे. २०२३ च्या समझोत्यात आपण गोठवलेलं टर्की आणि बदक दिलं, ब्लूबेरी आणि क्रॅनबेरी दिली. तंगडी दिली नाही. बदक कोण खातं मुंबईत? देण्याची कला ही अशी.

त्या बदकाच्या निमित्ताने नियमातली एक खोच सांगतो. एखाद्या देशाला ड्यूटीत सवलत दिली की ती संघटनेतल्या सर्वांना द्यावी लागते. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशासाठी अपवाद एकच: जवळपास सगळा व्यापार व्यापणारा पूर्ण मुक्त व्यापार करार. त्यामुळे 'चार वस्तूंचा छोटा करार करून टाका' हे बोलणं सोपं. चार वस्तू अमेरिकेला दिल्या की त्या ब्राझीललाही गेल्या. आणि पूर्ण करार करायचा तर दूध-मका वगळण्यासाठी घासाघीस आली. ऑस्ट्रेलियाच्या करारात यावर कोट्याची वाट काढली. २९ डिसेंबर २०२२ पासून वर्षाला ३४ हजार टन बदाम आणि दीड लाख टन मसूर निम्म्या ड्यूटीवर, त्यापुढे नेहमीचा दर. मला विचाराल तर कोटा ही सगळ्यात शहाणी तडजोड आहे. कोटा कोणाच्या वाट्याला किती आला यावरून व्यापाऱ्यांत होणारी मारामारी सोडली तर.

ही चावी फिरते तेव्हा बंदरावर काय होतं, ते शेतकऱ्याच्या मुलाने ऐकावं असं आहे. ८ नोव्हेंबर २०१७ ला पिवळ्या वाटाण्यावर एका रात्रीत ५० टक्के ड्यूटी बसली. माझ्या एका पक्षकाराचा माल समुद्रात होता. त्याने शहाणपणाने बिल ऑफ एंट्री आधीच भरून ठेवलं होतं, म्हणून तो निर्धास्त. कायदा असा की बिल आधी भरलं तरी दर धरला जातो जहाजाला एंट्री इनवर्ड (माल उतरवायची कस्टमची परवानगी) मिळते त्या दिवसाचा. जहाज दोन दिवसांनी आलं. मी त्याला हे आधी बजावायला हवं होतं, बजावलं नाही. वीस वर्षांचा संबंध त्या दोन दिवसांत तुटला, आणि त्याचं बरोबर होतं.

या विषयावरचा एक निकाल मी शिकाऊ पोरांना नेहमी सांगतो. पुलवामानंतर १६ फेब्रुवारी २०१९ ला पाकिस्तानच्या मालावर २०० टक्के ड्यूटी लागली. त्या दिवशी अटारीला आलेल्या मालाची बिलं संध्याकाळीच भरून झाली होती. अधिसूचना संगणकावर चढली रात्री ८ वाजून ४६ मिनिटं ५८ सेकंदांनी. सरकार म्हणालं, तारीख एकच, तेव्हा २०० टक्के भरा. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये ठरवलं की तारीख पुरेशी नाही, वेळही मोजायची. त्यानंतर मशीद बंदरचे खारीकवाले अधिसूचना वाचताना आधी घड्याळ बघतात.

म्हणजे चावी सरकारकडे असणं शेतकऱ्याच्या भल्याचंच, असं समजू नका. तीच चावी उलटी फिरते तेव्हा मार त्यालाच बसतो. कांद्याचं तुम्हाला वेगळं सांगायला नको: ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क, डिसेंबरात थेट बंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठली ती टनाला ५५० डॉलरची किमान किंमत आणि ते ४० टक्के कायम ठेवून, सप्टेंबरात २० टक्के, आणि १ एप्रिल २०२५ ला शून्य. हे कोणत्याही परदेशाने मागितलं नव्हतं. बाजारपेठ मात्र गेली ती गेलीच. दुबई-कोलंबोच्या व्यापाऱ्याने त्या काळात दुसरीकडचा कांदा घ्यायची सवय लावून घेतली. अमरावतीकडच्या संत्र्याचं उलट झालं. आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक बांगलादेश. त्याने आयात शुल्क पाच वर्षांत चारपटीहून वर नेलं आणि विदर्भातली फळं झाडाखाली पडली. तिथे चावी त्यांच्याकडे होती, आणि आपण ढाक्याशी त्यावर किती जोर लावला? अमेरिकेच्या बोलण्यांवर रकाने भरतात, संत्र्यावर दोन ओळी.

आता ड्यूटीशी संबंधच नसलेलं कुलूप. हापूस अमेरिकेत १९८९ पासून बंद होता. ड्यूटी नव्हती अडवत, आंब्यातली कीड अडवत होती. अठरा वर्षांनी, एप्रिल २००७ मध्ये वाट उघडली ती विकिरणाच्या (कीड निकामी करायला फळावर किरणांचा मारा करण्याच्या) प्रक्रियेवर: फळाला किमान ४०० ग्रे मात्रा द्यायची, तीही अमेरिकेच्या कृषी खात्याचा निरीक्षक समोर उभा असताना, आणि त्याचा इथे राहण्याचा खर्च आपण सोसायचा. त्या वेळी बदल्यात काय दिलं माहीत आहे? हार्ले-डेव्हिडसनच्या मोटारसायकलींना यायची वाट. आंबा आणि फटफटी एकाच तराजूत! लोक हसले, मला मात्र वाटाघाटी समजावायला याहून चांगलं उदाहरण आजवर मिळालेलं नाही. मे २०२५ मध्ये नवी मुंबईत प्रक्रिया झालेल्या आंब्याच्या पंधरा खेपा अमेरिकेच्या विमानतळांवर अडवल्या गेल्या, कारण कागदावरच्या नोंदींत घोळ. परत आणा नाहीतर नष्ट करा, असा पर्याय. आंबा परत आणायचं विमानभाडं आंब्यापेक्षा जास्त. सगळा माल नष्ट झाला. आंबा तोच, त्यावरची ड्यूटी तीच. एका अर्जाने मालाचं खत केलं.

द्राक्षवाले हे २०१० मध्येच शिकले, युरोपने क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशावरून कंटेनर अडवले तेव्हा. म्हणून करारात ड्यूटी शून्य झाल्याची बातमी आली की नाशिकचा अनुभवी निर्यातदार टाळी वाजवत नाही. तो विचारतो, अंश मर्यादेचं, म्हणजे फळात रसायन किती उरलेलं चालेल याचं, काय ठरलं?

तुमच्या सोयाबीनकडे येतो. तुम्हाला वाटतंय धोका तेलाचा. तेल तर आधीच येतं. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून अधिक बाहेरचं, आणि सोयातेल मुख्यतः अर्जेंटिना-ब्राझीलचं. अमेरिकेला सवलत दिली तर बव्हंशी त्यांच्या जागी अमेरिका येईल. मुंबईतल्या पिशवीचा भाव त्याने फारसा हलणार नाही. खाणाऱ्याच्या फायद्याबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: आपण जगातले सगळ्यात मोठे पामतेल आयातदार. दिल्लीने ड्यूटी उतरवल्याची बातमी आली की त्याच दिवशी क्वालालंपूरच्या पामतेल वायदे बाजारात भाव चढतो. कपातीचा एक हिस्सा तिकडेच राहतो, एक हिस्सा मधल्या साखळीत, उरलेला दादरच्या किराणा दुकानात पोचतो. ड्यूटी वाढते तेव्हा मात्र पूर्णच्या पूर्ण पोचते. हे का, ते मला विचारू नका, माझे निम्मे पक्षकार त्या साखळीतच होते.

सोयाबीनच्या दाण्यात तेल असतं अठरा टक्क्यांच्या आसपास. उरलेली जवळजवळ ऐंशी टक्के पेंड. वडिलांना मिळणारा भाव गिरणीवाला पेंडीवर काढतो. ऑगस्ट २०२१ आठवा. सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात होतं. पोल्ट्रीवाल्यांनी गळा काढला आणि सरकारने १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची पेंड आणायला परवानगी दिली, तीही न्हावाशेव्यातून. पहिल्या खेपांचे कागद आमच्या आजूबाजूच्या टेबलांवरूनच गेले. प्रत्यक्ष माल किती आला हा मुद्दा नव्हताच. परवानगीचा कागद निघाला आणि नवा हंगाम येईतो भाव निम्म्यावर आला. तेव्हा अमेरिकेशी व्यापार कराराची बोलणी चालू नव्हती.

आणि आता पेंडीला नवा भाऊबंद आला आहे. मका आणि तांदळापासून इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो, त्याला व्यापारात डीडीजीएस म्हणतात. कोंबडीच्या खाद्यात तो सोयापेंडीची जागा घेतो आणि स्वस्त पडतो. आपल्याच कारखान्यांतून तो इतका बाहेर पडतो की पेंडीचा भाव दबला. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, आणि हंगामात बाजार त्याच्या बराच खाली होता, यामागे हे एक मोठं कारण होतं. अमेरिका जगातला सर्वात मोठा मक्याचं इथेनॉल करणारा देश, त्यांच्याकडे या चोथ्याचे डोंगर. मक्यावर आपला कोटा आहे: पाच लाख टन १५ टक्क्यांवर, त्यापुढे ५० टक्के. शिवाय जनुकीय बदल केलेला नाही असा दाखला. दाण्याच्या मक्याला सरकार सहजी हात लावेल असं मला वाटत नाही, बिहारपासून मराठवाड्यापर्यंत आरडाओरडा होईल. चोथ्याला मात्र ओळखणारे शेतकरी नेते थोडेच. ज्या ओळीचं नाव सभेत घेता येत नाही ती ओळ द्यायला सोपी, हे बदकाच्या वेळी आपण पाहिलं.

'मग अमेरिकेशी करार करूच नये का?' असं पुढे विचाराल. करावा. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी आपल्या मालावर आधी २५ आणि मग आणखी २५ टक्के लावले, तेव्हा रत्नागिरीपासून आंध्रापर्यंतचा कोळंबीवाला काय अवस्थेत होता ते मी फोनवर ऐकलं आहे. तोही शेतकऱ्यासारखाच माणूस. त्यांचं सरासरी शेत ४६३ एकरांचं आणि आपलं जेमतेम अडीच-पावणेतीन एकरांचं, ही तुलना खरी आहे. पण ती फक्त येणाऱ्या मालाबद्दल बोलते, जाणाऱ्या मालाबद्दल नाही.

कुठल्याही कराराचा मजकूर जाहीर होतो तेव्हा मंत्र्यांचं निवेदन वाचण्यात वेळ घालवू नका. शेवटी जोडलेलं शुल्क परिशिष्ट उघडा, शेकडो पानांचं असतं. पहिल्या चार आकड्यांवर शोधा: १२०१ म्हणजे सोयाबीन, १५०७ सोयातेल, २३०४ सोयापेंड, १००५ मका. समोर 'वगळलेले' असं असेल तर चावी आपल्याकडे राहिली. टक्के आणि वर्षं असतील तर कितव्या वर्षी शून्य होतं ते बघा, पहिल्या वर्षाचा आकडा नेहमी गोंडस असतो. कोटा असेल तर टनांचा आकडा दरवर्षी वाढतोय का ते तपासा. मग संरक्षण उपायांच्या प्रकरणात जा आणि आयात किती वाढली की ड्यूटी परत चढवता येते, हे वाचा. २००८ मधल्या ११० आणि १४० चं भूत तिथे कुठेतरी बसलेलं सापडेल.

आणि २३०३ विसरू नका. डीडीजीएस तिथे आहे. वडिलांच्या सात एकरांचा भाव त्या ओळीवर १५०७ पेक्षा जास्त अवलंबून असेल.